तीन ठिपक्यांचा डॉमिनो

"त्यांना तो मासा देऊ नका, अण्णाच्ची."

वेण्णिलाने वळून पाहिलं. कोळत्तूरच्या त्या शोभेच्या माशांच्या अरुंद दुकानात निळ्या दिव्यांच्या उजेडात सगळ्यांचेच चेहरे आजारी दिसायचे. या माणसाचा जरा जास्तच. उंच, सावळा, वाढलेली दाढी. हातात मिटलेली छत्री, तिचं पाणी त्याच्याच चपलेवर ठिबकत होतं.

"का? मी काय वाईट घरची दिसते?"

"घरची नाही, घरातलं कोण वाईट आहे ते विचारतोय. आत्ता तुम्हीच म्हणालात, याआधीचा मेला, त्याच्याआधीचाही मेला. टाकीत आणखी कोण आहे?"

"एकच. काळा आहे. अंगावर तीन पांढरे ठिपके."

त्याने कपाळावर हात मारून घेतला. "डॉमिनो! आणि त्याच्या दारात तुम्ही पाहुणे नेऊन सोडताय? हा फायरफिश स्वतःच्या सावलीला घाबरतो हो. तो डॉमिनो आणायचं कुणाच्या डोक्यात आलं?"

"माझ्या भावाच्या."

"मग त्यालाच सांगा की—"

"जानेवारीत गेला तो," वेण्णिला म्हणाली. "गाडीवरून पडून."

दुकानदार अण्णाच्चीने हातातली जाळी हळूच बाजूला ठेवली. छत्रीवाल्याला कुठे बघावं तेच कळेना.

ती बाहेर पडली तेव्हा पाऊस भुरभुरत होता. तो मागोमाग आला. छत्री उघडली, पण ती तिच्या डोक्यावर धरायची की नाही ते त्याला ठरवता येईना... शेवटी दोघंही अर्धी अर्धी भिजली.

"माझं नाव अमलन. मी सहसा इतका मूर्ख नसतो."

"आज काही खास?"

"आज माझ्याही घरचे मासे द्यायला आलोय." तो कोपऱ्यावरच्या टपरीपाशी थांबला. "सुक्कू कापी घ्याल? माफी मागायला हातात काहीतरी गरम असलं की बरं पडतं."

सुंठेची कापी घशाला झोंबली. तिने कितीतरी दिवसांनी कुणाशी तरी घरातलं बोलून टाकलं. इळंगो तिच्याहून लहान. त्याने स्वतः जुळवलेली खाऱ्या पाण्याची टाकी, त्यातले खडक, मऊ प्रवाळ. तो गेल्यावर पाण्याचं काही कुणाला जमेना, मासे एकेक करून गेले आणि हा एकटा उरला. अम्मा दिवसभर त्या काचेसमोर स्टूल टाकून बसते. जेवणाचं ताटसुद्धा तिथेच.

"वाटलं, आणखी दोन-चार मासे असले तर तिला बरं वाटेल. रंगीत बघून आणत गेले."

"सगळे तसेच आणतात," अमलन म्हणाला. त्याची कंपनी उन्हाळ्यात बंद पडली होती. आता मस्कतला, समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात नोकरी लागली होती. नाताळाआधी निघायचं होतं. बाकीचे मासे अण्णाच्ची घेणार होता. फक्त क्लाऊनफिशची जोडी द्यायला त्याचं मन होत नव्हतं. "दुकानात जोडी फोडून विकतात. मला घर हवंय त्यांच्यासाठी."

"माझ्या घरात तर खुनी आहे."

"खुन्याचं काहीतरी करू," तो म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.

रविवारी तो तिच्या विल्लीवाक्कमच्या घरी आला. अम्माने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा काचेकडे. टाकीत तो काळा मासा खडकाच्या तोंडाशी पहारा देत होता. अमलनने काचेला बोट लावताच धावून आला.

"बघा, मला चावायला आला! तुमच्याकडे पाहुणचाराची हीच पद्धत का?"

"कापी देईन. चावून झाल्यावर," वेण्णिला म्हणाली.

त्याचं म्हणणं, हा मासा जागेसाठी भांडतो. खडकांची मांडणी बदलली, काही दिवस त्याला जाळीच्या पेटीत वेगळं ठेवलं, की आपली हद्द विसरेल आणि नव्याला राहू देईल. दोघांनी बाह्या वर केल्या. पाणी कोमट होतं. काचेतून हात मोठे दिसत होते, त्याचेही, तिचेही. एक खडक दोघांनी एकदमच धरला आणि बोटं बोटांवर राहिली... क्षणभर जास्तच. ती आधी सोडेल असं त्याला वाटलं असावं. तिने सोडलं नाही.

"हा माझ्या हातून निसटेल बरं का," तो हळूच म्हणाला.

"खडक?"

"खडकच. दुसरं काय?"

काम संपल्यावर अम्मा उठून काचेपाशी आली. "हे त्याने असं ठेवलं नव्हतं," ती म्हणाली आणि आतल्या खोलीत निघून गेली.

पेटीतून डॉमिनो बाहेर आला, तेव्हा अमलनने आपल्या टाकीतला जांभळा-पिवळा ग्रामा मासा आणून सोडला. पहिला दिवस छान गेला. वेण्णिला दवाखान्यातल्या कामावरून दर तासाला घरी फोन करत होती. बुधवारी संध्याकाळी ती परतली, तर ग्रामा पंपाच्या तोंडाशी अडकून पडला होता. शेपटी कुरतडलेली.

अमलन धावत आला. मासा बाहेर काढून तळहातावर घेतला. चार वर्षं त्याच्याकडे होता तो.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "मला वाटलं होतं जमेल. तुमच्या घरी यायला मिळेल म्हणून घाई केली असेन... माहीत नाही. आता एकच उपाय आहे. डॉमिनो इथून जायला हवा."

"नाही," अम्मा म्हणाली.

"अम्मा, तो कुणालाच—" अमलन समजावू लागला.

"तो चावतो म्हणून जगला, तंबी, पोरा. माझा मुलगा कुणाला चावला नाही, गेला. आता यालाही मीच घराबाहेर काढू?"

डॉमिनो टाकीतच राहिला.

तरी अमलन येत राहिला. आता यायला काही कारण नव्हतं, म्हणून दर वेळी नवीन काढायचा. कधी पाणी बदलायचं, कधी मीठ आणलंय, कधी दिवा तपासायचाय. बाहेर कार्तिकाचा पाऊस लागून राहिलेला, गल्लीत घोट्यापर्यंत पाणी. तो पँट दुमडून दारात उभा राहायचा.

"आज कोणतं कारण?" ती विचारायची.

"आज संपली. एखादं उसनं द्या."

ती हसायची, आणि लगेच आतल्या खोलीकडे बघायची, जणू हसणं आवाज न करता करायला हवं होतं. तो गेल्यावर घर आणखी गप्प व्हायचं. मस्कतचं तिकीट आलंय हे त्याने सांगितलं, त्या दिवशी तिने सांबारात मीठ दोनदा घातलं. अम्माने निमूट खाल्लं.

मग अम्माने विचारलं, "तो गेल्यावर त्याच्या माशांच्या जोडीचं काय?"

"दुकानात देणार."

अम्मा काचेकडे बघत राहिली. "इळंगोने यालाही जोडीनेच आणलं होतं. याने ती दुसरी मारली. पोरगं तुळशीच्या कुंडीत तिला पुरून रडलं. मी म्हटलं, परत देऊन ये. तर म्हणाला, सुधारेल अम्मा, थांब जरा." तिने पदराने काचेवरचा डाग पुसला. "मी त्याचंच ऐकत बसले. घरात दुसरं कुणी हसलेलं ऐकायला आलं, तेव्हा कळलं, थांबणं पुरे झालं. बोलाव त्या तंबीला."

डॉमिनोला पकडणं सोपं नव्हतं. प्लास्टिकच्या बाटलीचं तोंड कापून उलटं बसवलं, आत कोळंबीचा तुकडा टाकला आणि तिघंही श्वास रोखून बसली. तो यायचा, हुंगायचा, मागे जायचा. दुपार कलली. शेवटी शिरला. अम्मानेच बाटली वर उचलली, तोंडाजवळ धरली. "तिथे नीट खा," ती म्हणाली, आणि मग तिला रडू फुटलं. वर्षभर न आलेलं, सगळं एकदम. वेण्णिलाने तिला मिठीत घेतलं. अमलन बाटली छातीशी धरून भिजत दुकानाकडे गेला. अण्णाच्चीने कोपऱ्यातली एक टाकी त्या एकट्याला दिली.

निघायच्या दिवशी अमलनने जोडी आणली. पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली, थोडं थोडं टाकीचं पाणी आत घातलं. केशरी अंगं, पांढरे पट्टे. बाहेर आली ती एकमेकांना चिकटून, आणि सगळी टाकी हिंडून पुन्हा एकाच कोपऱ्यात. अम्मा स्टूल जवळ ओढून बघत बसली.

वेण्णिला त्याला सोडायला फाटकापर्यंत आली. वरून झाडाचं पाणी टपटपत होतं.

"एकदा म्हणा, जाऊ नका," तो म्हणाला.

"म्हटलं तर राहाल?"

इथे त्याला नोकरी नव्हती, घर सोडलेलं होतं. "राहावंसं वाटेल," तो एवढंच म्हणाला. "दोन वर्षांचा करार आहे. थांबाल?"

"नाही." तिने फाटक धरलं. "या घरात एक बाई वर्षभर वाट बघत बसली होती. मी पाहिलंय ते. तसं बसणार नाही मी. दवाखान्यात जाईन, जेवेन, माशांना खायला घालेन... वाट बघते असं वचन नाही देणार."

"मग मी काय समजू?"

रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. अमलनने मान हलवली, बॅग उचलली, दोन पावलं गेला. पाठमोरा, खांदे ओले.

"अमलन."

तो वळला.

"पोचलास की फोन कर."

तो तसाच उभा राहिला. रिक्षावाला पुन्हा हॉर्न वाजवत होता. "काय म्हणालीस?"

"ऐकलंस ते." तिचे डोळे भरून आले होते, तरी ओठ हसत होते. "जा आता, पाणी वाढतंय."

रिक्षा पाणी उडवत गल्लीच्या वळणावर दिसेनाशी झाली. वेण्णिला फाटकाला धरून उभी होती. आतून अम्माने हाक मारली, "गेला का गं तंबी?"

"गेला," ती म्हणाली, आणि डोळे पुसून आत गेली.