रुईकोटाची वर्दी

धावड्याच्या डोंगरावर रुईकोट नावाचा गड आहे, हे धावड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त सरकारी कागदाला. तिथे या जागेची नोंद ‘दगडाळ पडीक’ अशी होती, आणि पडीक दगड म्हटल्यावर एका खडीवाल्याने त्यावर अर्ज टाकला होता. सोमवारी जालन्याला सुनावणी होती. तोवर गडाचा लेखी पुरावा मिळाला नाही, तर महिन्याभरात सुरुंग लागणार होते.

पुरावा आणायचं काम गंधालीने आपणहून अंगावर घेतलं होतं. जाफराबादच्या कॉलेजात ती इतिहास शिकवायची. शिलालेखाचा ठसा घेण्यात तिचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. हे ती स्वतःच सांगायची, पण खोटं नव्हतं.

लेख होता दरवाजाच्या आत, डाव्या हाताच्या शिळेवर. लेख म्हणायचा तोही म्हाताऱ्यांच्या सांगण्यावरून, कारण शिळा उन्हापावसाने पाटासारखी गुळगुळीत झाली होती. शुक्रवारी गंधालीने ओला कागद शिळेवर बसवला, कुंच्याने ठोकला, वरून शाईची पुरचुंडी फिरवली. अक्षराची खोच असेल तिथे कागद पांढरा राहायला हवा. तो सरसकट काळा झाला. शनिवारी तेच. रविवारी सकाळी तिसरा कागद काळा झाला, तेव्हा तिला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

मेंढ्या घेऊन रोज वर येणारा त्रिंबकमामा हे तीन दिवस बघत होता. मामाची एक तऱ्हा होती. गडाच्या दरवाजाला दारं नव्हती, नुसती कमान उभी होती. तरी तो कमानीबाहेर थांबून आपलं नाव, बापाचं नाव आणि गाव खणखणीत सांगायचा आणि मग कान देऊन उभा राहायचा. मेंढ्याही थांबायच्या. थोड्या वेळाने त्याच आधी हलायच्या. याला तो वर्दी देणं म्हणे. गंधाली मात्र पडलेल्या तटाच्या खिंडारातून आत येत होती, कारण तिथून चढ सोपा होता.

“ताई, तुमी वर्दी न्हाई देली,” मामा म्हणाला. “चोरावानी आलेल्या माणसाशी कोन बोलंल?”

गंधालीचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. पण कागद एकच उरला होता. ती मुकाट्याने खिंडारातून उतरली, वळसा घालून कमानीसमोर आली आणि आपलं नाव, वडील भालचंद्र यांचं नाव आणि जाफराबाद, असं तिन्ही सांगून थांबली.

वारा पडला. मेंढ्यांनी रवंथ थांबवलं. कमानीच्या सावलीतून ओल्या चुन्याचा वास आला, आताच कुणी चुन्याच्या घाण्यात मळल्यासारखा ताजा. गडावर तर शतकानुशतकं चुना लागला नव्हता. मग मेंढ्या हलल्या आणि तिच्या पोटऱ्यांना घासत आत गेल्या.

चौथ्या कागदावर पुरचुंडी फिरली आणि वरच्या कोपऱ्यात ‘स्वस्ति’ पांढरं उठलं.

अकरा ओळी उठल्या. शके ११५८. गडाचं नाव रुईकोट. खाली हुकूम: येणाऱ्याने आणि जाणाऱ्याने दारी आपलं नाव, बापाचं नाव, गाव सांगावं. गंधाली आनंदाने हसत सुटली आणि मामाच्या पायाच पडली. मग तिने शिळेवरून बोट फिरवलं. शिळा कालच्याइतकीच गुळगुळीत होती.

सुनावणीत खडीवाल्याच्या वकिलाने अक्षरं हाताने रंगवल्याचा आरोप केला. तपासायला दोन तज्ज्ञ वर आले. मामाने त्यांनाही कमानीबाहेर उभं करून आधी वर्दी द्यायला लावली, आणि त्यांच्याही कागदावर त्याच अकरा ओळी उठल्या. अर्ज फेटाळला गेला. ‘दगडाळ पडीक’ खोडून तिथे ‘गड’ लिहिलं गेलं.

निकाल लागला त्या दुपारी अख्खं धावडा हलगी वाजवत, गुलाल उधळत डोंगर चढलं. मामाची बायको सुगंधाबाई सगळ्यांच्या पुढे होती. कमानीशी प्रत्येकाने वर्दी दिली; दोनशे नावं सांगता सांगता तासभर गेला. सगळ्यांत शेवटी गंधाली. इतकं जिंकल्यासारखं तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

सगळे कान देऊन थांबले.

आतून एका पुरुषाने नाव सांगितलं. बापाचं नाव. गाव. ते गाव कुणाच्याच ऐकिवात नव्हतं.

मग एका बाईने सांगितलं. मग आणखी एकाने.

हलगीवाल्याने हलगी खाली ठेवली.

“मामा, आत कोण आहे?” गंधालीने हळूच विचारलं.

“जानाऱ्यानं बी वर्दी द्यायची असती. तुमीच वाचलं ना?” मामाचे डोळे भरून आले होते. “राखनीला आता आपुन आलो. त्यायची सुट्टी झाली.”

सुगंधाबाईने तिचा हात धरून तिला बाजूला ओढलं. मेंढ्या आपसूक दोन्ही अंगांना सरकल्या आणि मधून एक माणूस जाईल एवढी वाट झाली. ती बराच वेळ मिटली नाही.