रेघेतला फुगवटा

आईच्या खुब्याचं ऑपरेशन झाल्यावर फिजिओथेरपिस्ट बाईंनी तिला रोज पलंगापासून बाथरूमपर्यंत वॉकर धरून चालायला सांगितलं. सावकाश, सरळ, मध्येच अंग न वळवता. "पुन्हा पडल्या तर उभं राहणं कठीण आहे," जाताना त्या मला दाराबाहेर म्हणाल्या.

आईला सूचना लक्षात राहत नाहीत, चित्र राहतं. मी शाळांसाठी विज्ञानाच्या अ‍ॅनिमेशन फिल्म बनवते, म्हणून तिच्यासाठीही एक छोटीशी करायला घेतली. टेपने खोली आणि पॅसेज मोजला, प्रमाणात नकाशा काढला आणि त्यात वॉकर धरलेली एक बाई उभी केली. अशा आकृतीला चालवायचं तर तिची वाट एका रेघेने आखून द्यावी लागते. रेघेवर बिंदू असतात. बिंदूला जोडलेली दांडी ओढली की रेघ हवी तशी वाकते. मला वाकवायची नव्हतीच. दोन टोकांना दोन बिंदू, मध्ये सरळ रेघ.

"ही बाई माझ्यापेक्षा बारीक आहे," फिल्म बघून आई म्हणाली.

"चालायला लागलीस की तूही होशील."

"म्हणजे आता जाडी आहे, असंच ना?"

दुसऱ्या दिवशी फाइल उघडली तर रेघेवर तिसरा बिंदू आलेला होता. बाथरूमच्या दाराजवळ रेघ फुगली होती. चालणारी बाई तिथे पोचली की भिंतीकडे सरकायची आणि पुढे जाऊन पुन्हा मध्ये यायची. मी तो बिंदू काढून टाकला. संध्याकाळी तो परत तिथेच. रेघ हलू नये म्हणून तिची लेअर लॉक करून पाहिली, प्रोग्राम काढून नव्याने टाकला. शेवटी ऑफिसातल्या सहकाऱ्याला फाइल पाठवली.

"माझ्याकडे सरळच दिसतेय," तो फोनवर म्हणाला. "डोळे वाकडे झालेत तुझे. रजा घे चार दिवस."

"रजेवरच आहे मी."

मी आईला फिल्म दाखवणं बंद केलं. फाइल मात्र रोज उघडत राहिले. फुगवटा दाराजवळून निघून पॅसेजच्या मध्यावर आला होता, आणि आई आता बरोबर तिथेच भिंतीकडे वळत होती. हे तिला फिल्मने शिकवलं म्हणावं, तर मध्यावर सरकलेला फुगवटा तिने पाहिलेलाच नव्हता.

एकदा वळताना वॉकरचा पाय भिंतीला अडकला. ती कलली. मी मागेच होते म्हणून सावरलं.

"आई, सरळ का नाही जात?"

"तिथून कसं जायचं?"

"तिथे काही नाहीये."

"मग तू जाऊन दाखव."

मी गेले, नेहमी जाते तशी. पलीकडे पोचून वळले. "बघ. गेले ना सरळ?"

"कुठलं सरळ?" आई म्हणाली. "अंग चोरून गेलीस."

माझ्या उजव्या बाहीवर भिंतीचा चुना लागला होता.

दुपारी मी नकाशावर फुगवटा मोजला. प्रमाणाने पाहिलं तर एक माणूस उभं राहील एवढी जागा रेघ मोकळी सोडत होती. त्यानंतर फुगवटा आईच्या खोलीच्या उंबऱ्याशी दिसला. पुढे फक्त पलंग होता.

कारण सापडेपर्यंत थांबावं, असंच मी आयुष्यभर शिकले. या वेळी थांबले नाही. आईला माझ्या खोलीत हलवलं. तिला ती कोंदट वाटते, पण पलंग मोठा आहे आणि बाथरूम आतच आहे. मी नवा नकाशा काढला, नवी रेघ आखली. दिवसभर रेघ सरळ राहिली. आईही सरळ चालली, आणि परत येऊन पलंगावर बसत म्हणाली, "झालं का समाधान मास्तरीणबाईंचं?"

कितीतरी दिवसांनी मला शांत झोप लागली.

सकाळी जाग आली ती पडता पडता. मी पलंगाच्या अगदी कडेला आले होते.

आई पलीकडच्या कडेला होती. तिचा एक हात आणि ऑपरेशन झालेला पाय पलंगाबाहेर लोंबत होते. जराशी सरकली असती तर खालीच गेली असती.

आमच्या दोघींच्या मध्ये अर्धा पलंग रिकामा होता.

तिला आत ओढायला मी हात पुढे केला. चादरीवरून सरळ पोचला असता.

हात आधी वर उचलला गेला, मोठा वळसा घेऊन पलीकडे उतरला, आणि मग आईच्या खांद्याला लागला.