पिठातले पांढरे केस

पटलं तर घ्या, नाही तर सोडून द्या. कुणाला पटवत बसायला मला वेळ नाही.

पण यातलं एक अक्षर पदरचं नाही. कडूबाई ही माझ्या आईची सख्खी मावशी. आई तिच्याच घरी वाढली. जे सांगतोय ते आईच्या डोळ्यांनी पाहिलेलं आणि मावशीच्या तोंडून ऐकलेलं.

साल एकोणीसशे सत्तावन्न. मराठवाडा मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढचं वर्ष. गाव परंड्याकडचं, सोनारीपासून चालत जाण्यासारखं. नाव सांगणार नाही. तिथं अजून माणसं राहतात.

सोनारीच्या भैरवनाथाची चैत्रातली यात्रा नुकतीच उरकली होती. भर दुपार होती. भुतंखेतं रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे नीट ऐका.

कडूबाई चुलीपुढं बसून ज्वारीचं पीठ मळत होती. नवरा ओसरीवर लवंडला होता.

नवरा म्हणजे बलभीम. गाव त्याला 'मिल्ट्री' म्हणायचं. मोठ्या लढाईच्या वेळी सोलापुरात जाऊन भरती झाला, अरबांच्या मुलखात राहून आला. येताना एक ट्रंक आणि एक मिशी घेऊन आला. मिशी अशी, की लिंबू ठेवलं तर घरंगळू नये. तेल काय, पीळ काय! बायकोकडं बघितलं नसेल एवढं त्यानं त्या मिशीकडं बघितलं.

ती मिशी त्यानं जन्मात एकदाच उतरवली होती. बाप गेला तेव्हा. ती परत येईपर्यंत उपरण्यानं तोंड झाकून हिंडला. आपल्याकडं रीतच आहे ती. बाप मेल्यावरच पोरगा मिशी उतरवतो. बाप जिवंत असताना ओठ भादरला, तर बापाच्या नावानं आंघोळ केल्यासारखंच.

तर त्या दुपारी...

सर्र... सर्र...

घरामागून आवाज आला. चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा लावल्यासारखा.

कडूबाईला वाटलं, माणिकप्पा वारीक आला असेल कुणाची दाढी करायला. तिनं मागचं दार उघडलं.

मागं कुणी नव्हतं. उकिरड्यावर कोंबड्यासुद्धा नव्हत्या.

ती परत येऊन काठवटीपुढं बसली. पिठात हात घातला, तर बोटाला काहीतरी गुंडाळलं गेलं. ओढलं. ते येतच राहिलं...

केस होता. पांढरा. लांब. कुरळा.

घरात तर कुणाचंच डोकं पिकलेलं नव्हतं.

तिनं तो केस बाजूला काढला आणि ओसरीकडं बघितलं. बलभीम उठून बसला होता. त्यानंही आवाज ऐकला होता. त्याच्या कपाळावर घाम होता.

"काय झालं वं?" तिनं विचारलं.

"काय न्हाय. तू तुझं काम कर."

असा तो. आयुष्यात कधी सरळ उत्तर दिलं असेल तर शपथ!

पुढं रोज दुपारी तो आवाज यायचा आणि रोज पिठात एखादा केस निघायचा. पीठ चाळून बघितलं, दुसऱ्या घरचं आणून बघितलं. तरी निघायचाच. कडूबाईला ते केस फेकवेनात. का, ते तिलाही सांगता यायचं नाही. ती ते एका चिंधीत बांधून फळीवर ठेवायची.

घरात एकच पोरगा, मार्तंड. विशीतला, बापासारखाच उंच. नवीनच मिशी फुटलेली, आणि तिचा कोण अभिमान! त्याचं लग्न जमत आलं होतं. मुलगी उमरग्याकडची. पाहुणे सुपारी फोडायला यायचे होते.

ज्या दिवशी पाहुणे यायचे, त्या दिवशी मार्तंड शेतातून येऊन, जेवून, घटकाभर पडला.

सर्र... सर्र...

या वेळी आवाज घरामागून आला नाही. घरातून आला.

कडूबाई धावत आतल्या खोलीत गेली. मार्तंड गाढ झोपला होता. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं...

वरचा ओठ कोरा होता.

कापलेली मिशी नव्हती ती. ओरखडा नाही, खुंट नाही. तान्ह्या पोराच्या ओठासारखी मऊ कातडी. आणि ओली. उशीवर साबणाचा फेस सुकत होता.

तिच्या तोंडून किंकाळीच फुटायची, तेवढ्यात बाहेर एसटीवरून चालत आलेले पाहुणे दारात उभे राहिले.

गडबडीनं उठून मार्तंडनं टोपी घातली आणि तो तसाच बाहेर गेला. त्याला बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं.

मुलीचे चुलते आण्णासाहेब पुढं होते. त्यांनी पोराचा ओठ बघितला. चेहरा पडला. पायातल्या वहाणा काढून ते दारातच बसले.

"कवा झालं हे? आमाला सांगावा तरी धाडायचा," ते कडूबाईला म्हणाले. "धीराचा मानूस व्हता. देवाची मर्जी."

मागच्या बायकांनी डोळ्याला पदर लावला. एकीनं कडूबाईच्या कपाळाकडं बघितलं. कुंकू होतं. ती बाई दचकली आणि दुसरीला कोपरानं ढोसायला लागली.

आणि बलभीम समोर बसलेला! पाटावर, पीळदार मिशी घेऊन.

"अवो, म्या बसलोय की हितं!" तो ओरडला.

तेव्हा त्यांनी त्याच्याकडं बघितलं. आई सांगायची, माणसं भुताकडं बघतात तशी बघत होती. कुणी पाणीसुद्धा प्यालं नाही. सुपारी पिशवीतच राहिली. बाप जिवंत असताना मिशी उतरवणाऱ्याच्या घरात पोरगी कोण देणार?

गावानं पहिला आळ माणिकप्पावर घेतला. तो रडकुंडीला आला.

"मिल्ट्री, भैरोबाची आन! म्या वस्तरा लावला न्हाय." त्यानं मार्तंडच्या ओठावरून बोट फिरवलं आणि चटकन मागं घेतलं. "हितं केसाचं मूळच न्हाय वं... हे मानसाचं काम न्हाय."

त्या संध्याकाळी कडूबाईनं फळीवरची चिंधी काढली. बलभीमचा हात धरून ते सगळे केस त्याच्या तळव्यावर ठेवले.

"कुनाचे हायेत हे?"

तो बोलला, पण तिच्याकडं न बघता.

"तिकडं कैदी व्हते आमच्या ताब्यात. गोऱ्या साहेबाला करमलं न्हाय की त्यो खेळ काढायचा. कुनाला कुत्र्यावानी चालवायचं. कुनाचे कपडे काढून उनात हुबं करायचं. आमी हसायचो."

"तुमी बी?"

"समदेच हसायचे." त्यानं मूठ मिटली. "एक म्हातारा व्हता. छातीपतोर दाढी, पांढरीफेक. त्याचा पोरगा बी त्याच्याबरूबर कैदेत. साहेब म्हनला, ह्याची भादरा. कोरडीच. आन पोराच्या हातात पान्याची वाटी द्या, केस त्यात पडू द्या."

"वस्तरा कुनी धरला?"

बलभीमनं आपल्या उजव्या हाताकडं बघितलं.

"म्हातारा गळ्याकडं बोट दावायचा. हितं फिरव म्हनायचा. आमाला लई हसू आलं. भादरल्यावर त्यानं तोंडावर फडकं घेतलं आन भिताडाकडं तोंड करून बसला. भाकरीचा तुकडा शिवला न्हाय. मेला तसाच. आता केसांपायी कुनी मरतं व्हय? साहेब म्हनला, केसंच हायेत, परत येत्यात. त्यो सोता रोज सकाळी दाढी-मिशी भादरायचा. त्याच्या लेखी त्यात काय व्हतं?"

"साहेबाच्या लेखी न्हवतं," कडूबाई म्हणाली. "तुमाला तर ठावं व्हतं!"

बलभीमनं मूठ आणखी आवळली.

"आन त्याचा पोरगा?" तिनं विचारलं.

"त्यो रडला न्हाय. रोज तारंच्या कुपाला येऊन हुबा ऱ्हायचा आन माझ्या मिशीकडं बघायचा. एक दिवस माझ्याकडं बोट करून म्हनला, वलद?"

हा शब्द बलभीमला कळला. निजामाच्या कागदांवर त्याचं नावच तसं होतं, बलभीम वलद खंडू. वलद म्हणजे मुलगा. तो कैदी विचारत होता, तुला मुलगा आहे का?

"मग?"

"म्या हसलो..." बलभीम म्हणाला. "आन एक बोट दावलं."

कडूबाईनं तोंडावर हात ठेवला. तेवढ्यात मागून पुन्हा आला...

सर्र... सर्र...

ती उठली. घाबरली होती, पण तिच्या पोराचं आयुष्य पणाला लागलं होतं. असल्या वेळी बाई कुणाला भीत नाही.

"त्या म्हाताऱ्याचं सुतक धरा. बाप गेला म्हना आन मिशी उतरवा. आत्ताच बलावते माणिकप्पाला."

बलभीम ताडकन उभा राहिला.

"बापासाठी उतरवली. परक्यासाठी न्हाय! गाव काय म्हनंल?"

"गाव तुमाला मेल्यात काढून बसलंय! अवं, केसंच हायेत. परत येत्यात."

त्याचेच शब्द तिनं त्याच्या तोंडावर मारले. तरी तो हलला नाही. लोकांची अब्रू भादरायला हात धजतो, आपल्या केसाला हात लागला की जीव जातो. जळो ती मिशी!

ती भांडली. पाया पडली. सोनारीला जाऊन देवापुढं पदर पसरून आली. त्यानं नाही म्हणजे नाही उतरवली.

पुढं वर्षं गेली. मार्तंडच्या ओठावर लवसुद्धा आली नाही. दाढीही थांबली. कुठून स्थळ आलं नाही. गावातली माणसं बलभीमला बघून रस्ता बदलायची. चावडीवर तो येऊन बसला की बोलणी बंद पडायची. कुणी वाईट बोलायचं नाही. त्याच्याशी कुणी बोलायचंच नाही. मेलेल्या माणसाशी कोण बोलणार? आणि पिठात रोज केस. कडूबाई काढायची, चिंधीत ठेवायची.

चीनची लढाई होऊन गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात बलभीम खरोखरच मेला. झोपेत. तेल लावलेली मिशी जशीच्या तशी. घेऊन गेला बरोबर.

कडूबाईनं दारात येऊन हंबरडा फोडला. शेजारच्या चार जणी आल्या, पण रडू कुणालाच फुटेना. गावाच्या लेखी तो कधीच मेला होता.

दहाव्याला माणिकप्पा नदीवर आला. मार्तंडला समोर बसवलं. डोकं केलं. मग वस्तरा ओठाशी नेला आणि थांबला.

उतरवायला काहीच नव्हतं.

"असाच फिरव," मार्तंड म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. "कसा बी असला तरी बाप व्हता माझा. काय तरी द्यायला पायजे का न्हाय त्याला?"

माणिकप्पानं कोऱ्या कातडीवर वस्तरा फिरवला. रक्त आलं. केस नाही आला.

कावळा पिंडाला शिवला नाही. फांदीवर बसून बघत राहिला...

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी कडूबाईनं पीठ मळायला घेतलं. मळून झालं. पिठात केस नव्हता.

तिनं पुन्हा मळलं. नव्हता.

तिनं फळीवरची चिंधी काढली. गाठ तशीच होती. सोडली...

रिकामी.

तेवढ्यात मार्तंड आतून आला. त्याच्या ओठावर लव फुटली होती. गालावर, हनुवटीवर, सगळीकडं.

पांढरी.

सत्तावीस वर्षांच्या पोराला महिन्याभरात छातीपर्यंत दाढी आली. पांढरीफेक. कुरळी. माणिकप्पाला बोलावलं, तर त्यानं दारातूनच हात जोडले. मार्तंडनं स्वतः वस्तरा घेतला होता. कडूबाईनं त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "ते तुझं न्हाय. ज्याचं हाय त्याचं त्याला ठिवू दे."

त्या दुपारी ताट वाढायला माझी आई होती. मार्तंड पाटावर बसला, पण ताटाकडं पाठ करून. भिंतीकडं तोंड. उपरणं तोंडावर ओढलेलं. तो असा कधीच बसत नसे.

कडूबाईनं बराच वेळ त्याच्याकडं बघितलं. मग डोक्यावर पदर घेतला, ताट उचललं आणि भिंतीच्या बाजूला जाऊन त्याच्यापुढं ठेवलं. गरम भाकरी मोडली. आणि पोटच्या पोराला, जन्मात पहिल्यांदा, अहोजाहो करून म्हणाली,

"जेवा, बाबा."

उपरण्याखालून हात हळूच बाहेर आला. त्यानं भाकरीचा तुकडा उचलला.

सगळी भाकरी संपेपर्यंत कडूबाई हात जोडून उभी राहिली.

मार्तंडमामा पुढं पुष्कळ जगला. दाढी तशीच होती. मी त्याच्या पंगतीला जेवलोय. वागायला-बोलायला साधा, मायाळू माणूस. पण कडूबाई मरेपर्यंत त्याला रोज पहिली भाकरी डोक्यावर पदर घेऊनच वाढायची.

त्या दुपारी भिंतीकडं तोंड करून कोण जेवलं, असं मी आईला अनेकदा विचारलं. तिनं कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणायची, त्या हाताची बोटं आपल्या मार्तंडची नव्हती.