डबा गेला, पासवर्ड राहिले

खंडेनवमीच्या दुपारी महेश्वरीबाई बेंबळीला पोचल्या, तेव्हा शिवलीलाच्या ओसरीवर मोबाइल दुरुस्तीची टपरी चालवणारा माज मान खाली घालून बसला होता. बाई धाराशिवात खासगी तपासाची कामं घेत. सोबत यजमान शंभुलिंग. गाडी चालवणं आणि चुकीचे अंदाज बांधणं, दोन्ही ते मनापासून करत.

शिवलीला घराच्या पुढच्या खोलीत ऑनलाइन अर्ज भरून द्यायची. दुकानाचे सगळे पासवर्ड पत्त्यांच्या कॅटाएवढ्या एका संगणकात असत. माजनंच तो बसवून दिलेला. सकाळी तो डबा चार्जरसकट नाहीसा झाला आणि शिवलीला भर चौकात बोलून गेली, की त्यातलं माजशिवाय कुणाला कळतं? तेव्हापासून माजच्या टपरीकडं गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं.

माज म्हणाला, चौकात बोभाटा होईपर्यंत त्यानं टपरी सोडली नव्हती. दीर नंदीशनं कबूल केलं की पंख्यासाठी त्या प्लगवर त्याचा डोळा होता, पण वहिनीच्या डब्याला हात लावायची छाती नव्हती. सासूबाई प्रेमाबाई पहाटे हत्यारांची पूजा मांडून येरमाळ्याला येडेश्वरीच्या दर्शनाला गेल्या होत्या. फोन त्या बाळगत नसत.

शंभुलिंग देवघरात हात जोडून आले. विळे, कुऱ्हाड, कात्री, सगळं झेंडूखाली झाकलेलं.

"शिवलीलाच्या फोनवर अजून पासवर्ड दिसतायत, म्हणजे डबा चालूय," ते म्हणाले.

"फोनमध्ये नक्कल असते, अहो. ती डब्याशिवायही दिसते."

नवा पासवर्ड ठेवायला मात्र डबाच लागतो, आणि तो घरच्या वायफायबाहेर कुणाला ओ देत नाही, हे बाईंनी माजला विचारून घेतलं. मग शिवलीलाला एक नवा ठेवायला सांगितला. ठेवला गेला. तेवढ्यात लाईट गेली, पंखा थांबला. आणखी एक ठेवायला लावला. तोही ठेवला गेला.

इन्व्हर्टरवर काय काय आहे, असं त्यांनी विचारलं. राऊटर आणि देवघर, नंदीश म्हणाला.

बाई सगळ्यांना घेऊन देवघरात आल्या.

"डबा घरात आहे आणि लाईट गेली तरी चालू आहे. राऊटरजवळ तो नाही, ते मी आल्याआल्या पाहिलं. राहिलं देवघर. चोर त्याला चालू ठेवील कशाला? नेणाऱ्याला तो बंद पडायची काळजी होती, म्हणून चार्जरही नेला. आणि आज घरातलं प्रत्येक हत्यार कुठं आहे?"

त्यांनी झेंडू बाजूला केले. कात्रीशेजारी डबा होता, झाकणावर हळदीकुंकू, हिरवा दिवा लुकलुकत.

संध्याकाळच्या एसटीनं प्रेमाबाई आल्या. सांगायचं तरी, असं सून म्हणाली.

"झोपली होतीस, म्हणून उठवलं न्हाय. आज समद्या हत्याराला सुट्टी. पर ह्याला सुट्टी दिली तर तुझं काम अडंल, म्हणून चालूच ठेवलं. वरीसभर लई राबतंय. त्याला हात जोडायचे न्हायत व्हय?"

शिवलीलानं सासूबाईंचा हात धरला, बराच वेळ. मग माजला घेऊन चौकात गेली आणि सकाळच्याच आवाजात बोलली, "माजनं माझं काय नेलं न्हाय. माझं दुकान त्याच्या जिवावर चालतंय. म्या चुकले."

माज तिथल्या आपल्या टपरीचं कुलूप काढत होता.

"बास करा, ताई," तो म्हणाला. "गिऱ्हाईक थांबलंय."