जागृतीच्या फायलीतला चौदावा कागद

"बा, फाइल नाही!"

सकाळचे सात वाजले होते. मोठी सून कोकिला कपाट उघडंच टाकून ओसरीवर धावत आली. सासू दिवाळीबांनी चहाची बशी खाली ठेवली.

"नाही म्हणजे? पाय फुटले तिला?"

"काल जेवणं झाल्यावर मी माझ्या डोळ्यांनी बघितली होती. आता खण रिकामा."

ओसरीच्या टोकाला वेगळ्या चटईवर बसलेली धाकटी सून जागृती उठली आणि तशीच परत बसली. ती कालपासून बाजूला बसली होती. त्या दिवसांत या घरची बाई कपाटाला, चुलीला, देवाला हात लावत नाही.

आणि नेमका आजच दिवस मोलाचा होता. अहमदाबादच्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातून फोनवर बजावलं होतं: पाळीच्या दुसऱ्या दिवशी या, जुने सगळे कागद आणा, कागदांशिवाय येऊ नका. आज दुसरा दिवस. नऊची बस चुकली की महिना गेला. जागृतीला सदतिसावं लागलं होतं. लग्नाला नऊ वर्षं, मूल नाही. तिच्याकडे वाया घालवायला आता महिने नव्हते.

"घर उलटं करा," दिवाळीबा म्हणाल्या.

कोकिलाने बाजरीची कोठी बघितली, गाद्या झटकल्या, माळा बघितला. फाइल नव्हती.

सव्वासात झाले. दिवाळीबांनी झोपाळा थांबवला आणि एकेकाला समोर बसवलं. बोटादचं पोलीस ठाणं परवडेल, पण सासूची ही ओसरी नको, असं दोघी सुना आपसात म्हणत.

पहिला धाकटा मुलगा, जागृतीचा नवरा मनसुख. तोंडात दातण, अंगात कालचा सदरा.

"तू घेतलीस?"

"मी कशाला घेऊ?"

"अहमदाबादला जायचं म्हटल्यावर तुझ्याच पोटात दुखायला लागलं होतं."

"बा, सुटी मिळत नाही म्हणून! मला काय भीती? माझी तपासणी चार वर्षांपूर्वीच झालीय. सगळं ठीक आहे."

"कोणी सांगितलं ठीक आहे?"

"भानूबेनने. तिनेच कागद आणला होता. मी सातवी गुजराती, ते इंग्रजी मला काय कळणार?"

"जा. अंघोळ कर. आंबलेल्या ताकासारखा वास येतोय."

मग लेक भानुमती. बी.ए. झालेली, शाळेत शिकवणारी, काल दुपारीच माहेरी आलेली. केस ओले, कपाळाला ताजं कुंकू.

"न बोलावता आलीस, भानू?"

"कोकिलाभाभीने फोनवर सांगितलं, हे लोक अहमदाबादला निघालेत. मला राहवेना. बा, आपले वसाणी डॉक्टर काय वाईट आहेत? अर्ध्या गावाची बाळंतपणं त्यांनी केलीत."

"बाळंतपण करणं वेगळं. इथे पोट राहतच नाही. ज्याने विहीर खणायची त्याच्याकडे जायचं, की पाणी भरायला येतो त्याच्याकडे?"

"पण शहरातले डॉक्टर फसवतात, बा."

"फाइल कुठे असेल?"

"मला काय ठाऊक? मी तर कपाटाकडे फिरकलेही नाही."

शेवटी दिवाळीबा स्वतः उठून जागृतीच्या चटईपाशी गेल्या.

"ही डॉक्टरीण तू कशी निवडलीस गं?"

"सहा ठिकाणी फोन केले, बा. चौघांनी आधी मुलांचे फोटो पाठवले. एकाने म्हटलं, जुळी नक्की. या बाईंकडच्या मुलीने वय विचारलं, तारखा विचारल्या आणि मग विचारलं, नवऱ्याचा रिपोर्ट आहे का? नऊ वर्षांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं. वसाणी डॉक्टरांनीही नाही. मी म्हटलं, फायलीत असेल."

"तू बघितलास?"

"मला कुठे वाचता येतं? मी फक्त आलेल्या कागदावर कोपऱ्यात आकडा घालते आणि लावून ठेवते."

दिवाळीबा परत झोपाळ्याकडे निघाल्या. मग कोकिलाकडे वळल्या.

"देवघर बघितलंस?"

"तिथे कोण ठेवेल, बा?"

"म्हणून तर."

खोडियार मातेच्या पाटाखालचं लाल कापड त्यांनी उचललं. खाली फाइल होती. कोकिलाने तोंडावर हात ठेवला. दिवाळीबांनी जागीच पानं उलटली. अक्षरांशी त्यांचं कधी जमलं नाही, पण आकडे त्यांना येत. बारा. तेरा. पंधरा.

त्यांनी सगळ्यांना ओसरीवर बोलावलं.

"फाइल लपवणाऱ्याने जागा बरोबर निवडली. आज जागृती देवघरात पाय ठेवणार नाही. कोकिला तिथे शोधणार नाही. पण याच घरात अंघोळ केल्याशिवाय कुणी त्या पाटाला शिवत नाही, हेही त्याने पाळलं. जन्माची सवय! रात्री जेवल्यावर फाइल होती. म्हणजे ती पहाटे हलली. थोरला परगावी आहे, मनसुख अजून पारोसा; दोघे सुटले. पहाटे अंघोळ केलेल्या आम्ही तिघी. मी, कोकिला आणि भानू."

"बा, शपथ घेते!" कोकिला रडवेली झाली.

"गप गं. तुला इंग्रजी कागद म्हणजे सगळे सारखेच. चोराने नेमका चौदावा काढलाय. वाचता येणाऱ्याने काढलाय. आणि या घरात इंग्रजी वाचतं कोण?"

झोपाळ्याची कडी कुरकुरली.

"काय होतं त्यात, भानू?"

भानुमतीने पदर घट्ट धरला. "भाईचा रिपोर्ट. बीज फार कमी, असं लिहिलं होतं. मोठ्या डॉक्टरला लवकर दाखवा, असंही. चार माणसांत माझ्या भावाची मान खाली जाईल, बा! मी म्हटलं, पुढेमागे होईल आपोआप. आता ती बाई सगळ्यांसमोर वाचणार... मी फाडला तो, आणि जाणंच टळावं म्हणून फाइल लपवली."

मनसुखच्या हातातलं दातण खाली पडलं.

"फाडलास तर फाडलास. मनसुख जिवंत आहे, डॉक्टरीण नवीन कागद काढेल," दिवाळीबा म्हणाल्या. मग त्यांचा आवाज उतरला. "तू भावाची मान सांभाळलीस. आणि मी चार वर्षं हिला निर्जळी उपास करायला लावले. शेजारच्या डोहाळजेवणाला हिला वांझ म्हणून दारातून परत पाठवलं. तेव्हाही तू गप्पच होतीस."



दिवाळीबा फाइल घेऊन चटईपाशी गेल्या. जागृतीने सवयीने अंग मागे घेतलं. त्यांनी तिचा हात धरला, घट्ट, आणि फाइल तिच्या तळव्यावर ठेवली.

"बा, मी शिवले तुम्हाला."

"शिवलीस. ऊठ, बस चुकेल."

मनसुख भिंतीला टेकून उभा होता. जागृतीने फाइल छातीशी धरली आणि पहिल्यांदाच सासूसमोर त्याच्याकडे सरळ बघितलं.

"अंघोळ करून या लवकर," ती म्हणाली. "आज डॉक्टरांकडे आधी तुम्ही आत जायचं."