उन्हात बसेल एवढंच

पुण्याच्या प्रयोगशाळेत सगळेच वैतागले होते. निशिकांत बोरकुटेनं बनवलेलं सौरछत हायब्रिड गाड्यांच्या टपावर बसवून वर्ष होत आलं, तरी चाचणीतल्या गाड्या खुशाल पेट्रोल पीत होत्या. एक सोडून.

"टपावर ऊन मावणार किती?" प्रमुख रेहाना मुजावर चष्मा काढून डोळे चोळत म्हणाल्या. "दिवसाला बारा किलोमीटर. हायब्रिडची बॅटरी लहान, साठवून साठवून तीस. पुढे इंजिन आहेच."

"पण मॅडम, बहुतेकांचं रोजचं जाणंच तेवढं असतं. माझ्या बाबांची गाडी बघा. रोज फिरते, पेट्रोलचा थेंब जळत नाही."

"मग त्यांनाच घेऊन ये. समितीपुढे दोन शब्द बोलू देत. नाहीतर प्रकल्पाला टाळं लागलंच म्हणून समज."

निशिकांत वर्ध्याला पोचला तेव्हा बाबा अंगणात गाडीचा टप ओल्या फडक्यानं पुसत होते. धूळ बसली की ऊन कमी लागतं म्हणे.

"पुण्याला जाण्याआधी शकूआत्याला भेटून येऊ," तो गाडीत बसत म्हणाला. "आर्वीला."

बाबा मागे बसले. बॅटरी वापरायची की पेट्रोल, हे गाडीतला बोलका ऊर्जा-कारभारी ठरवत असे. ही यंत्रणा मालकाच्या सवयीही शिकत असे.

"आर्वी पन्नासच्या पुढे आहे. आजच्या उन्हात बसत नाही," कारभारी म्हणाला. "बाजार, बँक, दवाखाना बसेल."

निशिकांत चक्रावला. "हा पेट्रोलचं का विचारत नाही?"

"विचारे आधी. मी दरवेळी नको म्हणलं, तं आता विचारत नाही."

"पण नको का?"

"तूच तं म्हणला होता न बाप्पा! पेट्रोल जाळू नका, माझी नोकरी त्याच्यावर आहे."

चावी देताना तो हसत हसत बोलून गेला होता खरा.

"मग आत्याकडे कधी गेला होतात?"

"एसटीची पायरी आता चढवत नाही. शकू फोनवर म्हणे, दादा, एकदा येऊन जा. मी म्हणे, पाहतो." बाबा खिडकीबाहेर बघू लागले. "आता ती बोलत बी नाही. तिची पोरगी नुसता फोन धरते तिच्या कानाशी."

शून्य पेट्रोलच्या ज्या आकड्यावर निशिकांत वर्षभर जगला, तो बाबांनी आपलं जाणं-येणं कापून कापून पुरवला होता.

त्यानं पेट्रोलचं बटण दाबलं. कधी न चाललेलं इंजिन दोनदा खोकलं आणि सुरू झालं.

"अरे, तुझं शून्य जाईल न!" बाबांनी मागून त्याचा खांदा धरला.

"जाऊ द्या, बाबा."

गावाबाहेर पडेपर्यंत मुजावर मॅडमचा फोन आला. "निशिकांत, बाबांच्या गाडीत बिघाड झालाय! इथे पडद्यावर पेट्रोल जळताना दिसतंय."

"हो मॅडम, मीच जाळतोय," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

मागे बाबा फोनवर मोठ्या आवाजात भाचीला सांगत होते, "तिच्या कानाशी धर, पोरी. शकू, निघालो बरं का मी."