वेणीचा पाव

येवाचा पहिला दात येत होता तेव्हाची गोष्ट. शेगडीच्या दांडीवर तिची झबली वाळत होती, काचांवर वाफ धरली होती आणि मी तिला कडेवर घेऊन एका हाताने लापशी ढवळत होते. बाहेर धुकं. आमच्या म्यूलफिअर्टेलच्या डोंगरातलं नोव्हेंबरचं धुकं पाहुण्यासारखं येत नाही, जावयासारखं येतं. एकदा बसलं की हलत नाही.

मी मूळची लिथुआनियाची. एकोणिसाव्या वर्षी दुसऱ्यांची मुलं सांभाळायला लिंत्स शहरात आले, भाषा शिकले, गेर्नोटच्या प्रेमात पडले आणि पोटात येवा असताना, भाडं कमी म्हणून, त्याच्याबरोबर या गावाबाहेरच्या घरात राहायला आले. गेर्नोट मालाचा ट्रक चालवतो. रविवारी संध्याकाळी निघतो तो शुक्रवारी परत. निघाला की आमचा एक ठरलेला खेळ असायचा. जिन्यावर एक लहानशी खिडकी आहे, जाड दगडी भिंतीत, माझ्या खांद्याच्या उंचीवर. मी येवाला उचलून तिथे धरायची, तिचं मनगट दोन बोटांत पकडून हात हलवायची. "बाबाला टाटा कर. टाटा." खाली गेर्नोट गाडीचा दिवा एकदा मिचकावायचा आणि वळणाआड जायचा. मग आठवडाभर मी आणि ती.

त्या दिवशी ऑल सेंट्सची सुट्टी होती. सगळं गाव थडग्यांवर फुलं आणि लाल काचेतल्या मेणबत्त्या ठेवायच्या गडबडीत. मी स्वयंपाकघराची खिडकी वाफ जाऊ द्यायला उघडली, तर बाहेरच्या कट्ट्यावर पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. आत वेणीसारखा विणलेला गोड पाव, वर खडीसाखरेचे दाणे. हात लावला तर अजून कोमट.

खिडकीखालच्या गवतावर दंव पडलं होतं. त्यावर कुठे पाऊल उमटलेलं नव्हतं. हे मला दिसलं, पण तेव्हा त्यात काही वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की या गावात कोणाला तरी आमची आठवण झाली. खरं सांगते, डोळ्यांत पाणी आलं. आमच्या माहेरी दारी आलेला पाव परत पाठवत नाहीत. हातातून पडला तर उचलून त्याचा मुका घेतात. मी एक तुकडा खाल्ला आणि जाड कड येवाच्या हातात दिली. ती हिरड्यांनी चघळत बसली, लाळ गाळत, डोळे अर्धे मिटून.

दुपारी फडकं धुऊन, शेगडीवर वाळवून, घडी घालून शेजारच्या रेझीकाकूकडे गेले. ती एकटी असते, कोंबड्या पाळते. गावात माझ्याशी दोन शब्द बोलणारी तेवढी तीच.

"काकू, पाव काय मऊ झाला होता हो. हे तुमचं फडकं."

"माझं? माझे हात बघ. झाडाच्या मुळ्या झाल्यात. यंदा मी पिठाला हात लावलेला नाही."

"मग कोणी ठेवला असेल?"

"तिच्या गोडलनं. कोण आहे पोरीची गोडल?"

गोडल म्हणजे बाप्तिस्म्याला मूल हातात धरते ती धर्मआई. आईला काही झालं तर मूल तिचं.

"कोणी नाही. बाप्तिस्माच कुठे झालाय? गेर्नोटला चर्चचं दार दिसलं की जांभई येते."

एरवी गेर्नोटवरून काही बोललं की काकू खिदळते. आज हसली नाही.

"आजच्या दिवशी वेणीचा पाव गोडलच देते, युर्गा. दुसरं कोणी देत नाही. खाल्लास तू?"

"थोडा. येवानं कड चघळली. दात येतायत ना."

"पोरीनं खाल्ला?"

"का? काय झालं?"

"काही नाही गं. धुक्यात माणूस घर चुकतं. ठेवला असेल चुकून कोणी." असं म्हणत तिने दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले. मी पुढे केलेलं फडकं माझ्याच हातात राहिलं.

त्या रात्रीपासून येवा सलग झोपायला लागली. ज्या आईने आठ महिने दोन तासांपलीकडे डोळा मिटलेला नाही तिलाच कळेल ते सुख. सकाळी जाग आली तेव्हा छाती दुधाने दगड झाली होती आणि ती पाळण्यात जागी, शांत, छताकडे बघून पाय हलवत. दुलई गळ्यापर्यंत नीट खोचलेली. मी रात्री खोचली असेल, म्हटलं. झोपेत माणूस काय काय करतं.

पुढच्या आठवड्यात टोपीची गाठ. मी तिच्या हनुवटीखाली फुलाची गाठ बांधते, ओढली की सुटणारी. बाबागाडीतून फिरवून आणलं आणि दारात टोपी काढायला गेले तर गाठ वेगळी. घट्ट, सपाट, दोन वेढ्यांची. नखांनी सोडवावी लागली. वाटेत आम्हाला कोणी भेटलं नव्हतं.

मग वेणी. येवाचे केस म्हणजे काय, मक्याच्या कणसाचे तंतू. मानेवर तेवढे थोडे लांब. एका सकाळी तिला पाजायला घेतली आणि बोटांना काहीतरी लागलं. काडीएवढी बारीक वेणी. तीन पेडांची, अगदी घट्ट, टोकाला पांढरा दोरा. मी स्वयंपाकघरात जाऊन ते फडकं उलगडलं. एका कडेचा दोरा ओढून काढलेला होता.

शुक्रवारी गेर्नोटला दाखवलं.

"छान झालीय की. मला वाटलं तूच घातलीस."

"मी नाही घातली."

"मग काय मी हांबुर्गहून येऊन घालून गेलो?" तो हसला, मग माझ्याकडे बघून थांबला. "युर्गा, तू जेवतेस ना वेळेवर?"

मी जेवत होते. मी फडकं शेगडीत जाळलं, वेणी सोडली, झबल्यांच्या घड्या पुन्हा घातल्या. दुसऱ्या दिवशी वेणी पुन्हा होती. पांढरा दोराही.

वाईट ते हे नव्हतं. वाईट हे की येवा आनंदात होती. तिचे गाल भरले, सर्दी गेली. तिला कडेवर घेतलं की ती माझ्या खांद्यावरून मागे बघायची आणि हसायची; असं हसू, जे आधी फक्त मला बघून यायचं. मी वळायची. मागे जिना, वर ती खिडकी, बाकी काही नाही. पाजायला घेतलं की ती हातांनी मला दूर ढकलायची. रागाने नाही, पोट भरलेलं असल्यासारखी. डिसेंबर संपायच्या आत माझं दूध आटलं. छाती रिकामी झाली त्या दिवशी मी न्हाणीघरात नळ सोडून रडले. बाहेर आले तर ती गालिच्यावर बसून स्वतःशीच टाळ्या वाजवत होती. मी नव्हते, हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

मी तिच्याजवळ बसले. "आई म्हण, येवा. आ-ई." रोजच म्हणायची. त्या दिवशी तिने माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, मग माझ्या डोक्यावरून, जिन्याकडे.

"गोडल," ती म्हणाली.

तिचा पहिला शब्द.

"रेझीकाकूनं शिकवला असेल," गेर्नोट फोनवर म्हणाला. मी काकूला विचारलं तर ती एकदम चिडली. "मी? त्या शब्दाचा उच्चारसुद्धा करत नाही मी तुमच्या घरात."

मीच मग हट्ट धरला. तिला धर्मआई हवीच असेल तर खरी, हाडामांसाची देऊ. काकू आधी नाही म्हणाली. मी तिच्या कोंबड्यांच्या खुराड्यापुढे बर्फात उभी राहून रडले तेव्हा म्हणाली, "रडू नको, चल, पोरीसाठी येते." जानेवारीत, थ्री किंग्जच्या सणाच्या दिवशी, फादरनी येवाचा बाप्तिस्मा केला. चर्चमध्ये आम्ही एवढेच. काकूने काळा कोट घातला होता, येवाला दोन्ही हातांवर धरलं होतं. येवा रडली नाही. पाणी घातलं तेव्हाही नाही. फादरनी विचारलं, या मुलीची धर्मआई कोण, आणि काकू बोलायच्या आधी क्षणभर थांबली, दुसरं कोणी बोलत असताना आपण थांबतो तशी.

बाहेर आल्यावर तिने येवाला माझ्या हातात जवळजवळ कोंबलंच. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"वजन किती आहे पोरीचं?"

"नऊ किलो. का?"

"माझ्या हातांवर निम्मीच होती." तिने गेर्नोटकडे पाहिलं. तो फादरशी बोलत होता. "पाण्याची बादली दोघींनी मिळून उचलली की कसं लागतं हाताला? तसं. पलीकडून कोणी धरलं होतं, युर्गा."

त्यानंतर ती आमच्याकडे यायची थांबली. भेटली तर रस्त्यातून, "बरी आहे ना पोर?" एवढंच.

गेर्नोटने मला डॉक्टरांकडे नेलं. त्या भल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं, एकदाही हसल्या नाहीत, आणि म्हणाल्या की पहिल्या वर्षी कितीतरी आयांना असं होतं, की आपलं मूल आपलं वाटत नाही. मी म्हटलं, मला ती माझीच वाटते. तिला मी वाटत नाही. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. दमलेल्या आयांसाठी तळ्याकाठी एक विश्रांतीगृह होतं, तिथे जागा मिळवून दिली. काही आठवड्यांचाच प्रश्न. बाळाला नेता येत नव्हतं. गेर्नोटने रजा घेतली. मला सोडून तो परत येईपर्यंत येवाजवळ कोण, तर त्याने काकूची मनधरणी केली.

"लिख्टमेसच्या सणादिवशी निघतेस?" काकू फोनवर म्हणाली. "दुसरा दिवस नाही मिळाला?"

"का?"

"काही नाही. पूर्वी शेतावरच्या मोलकरणी त्या दिवशी काम सोडायच्या. जुनी आपली पेटी उचलून निघायची, नवी आत यायची." मग घाईने, "जुन्या गोष्टी गं. मी सकाळी उजाडल्यावर येते. उजाडल्यावरच."

त्या सकाळी ऊन होतं. बर्फावरून उडालेला उजेड थेट स्वयंपाकघराच्या छतापर्यंत. मी येवाला लापशी भरवली, तिने निम्मी खाल्ली. तिचा वास घेतला. कानामागे बाळाचा तो आंबटगोड वास असतो ना, तो. त्या वासात आणखी एक होता. यीस्टचा. ताज्या पावाचा. मी तिला वर पाळण्यात ठेवून आले आणि बूट घालायला खाली बसले. लेस काही केल्या बांधता येत नव्हती.

गेर्नोट माझी बॅग घेऊन जिना उतरला. "चल. काकू मागच्या दारानं आलेली दिसतेय. वर तिच्याशी गुणगुणतेय."

मलाही ऐकू येत होतं. संथ, एकाच सुरातलं.

"मी एकदा वर जाऊन येते. पापी घेते."

"आत्ता शांत झालीय. परत रडवशील तिला."

ती माझ्यासाठी रडत नाही रे, असं तोंडावर आलं होतं. पण तो इतका दमलेला दिसत होता, आणि मी तर त्याहून. जिन्याच्या पहिल्या पायरीवर ठेवलेला पाय मी मागे घेतला.

गाडी फाटकातून बाहेर पडली. वळणापाशी छोटं देऊळ आहे, मेरीचं, त्याच्याजवळ गेर्नोटने ब्रेक लावला.

समोरून रेझीकाकू चढण चढून येत होती. हातात टोपली, डोक्याला रुमाल, धापा टाकत. तिने आमच्याकडे बघून हात केला.

गेर्नोटने काच खाली केली. "काकू, तुम्ही... येवाला एकटीला सोडून आलात?"

"सोडून?" ती म्हणाली. "अरे, मी आत्ता येतेय. रस्ता बघ कसा गोठलाय. उशीर झाला म्हणून रागावू नकोस."

काकूने हळूच टोपली बर्फावर ठेवली.

मी मागे वळून पाहिलं.

जिन्यावरची खिडकी वळणापर्यंत दिसते. मला ठाऊक आहे, मीच तिथे उभी राहायची. येवा खिडकीत होती. नीट दिसेल अशी, उंच धरलेली. हसत होती. तिचा उजवा हात हलत होता, सावकाश, मनगट दोन बोटांत धरून कोणी हलवावा तसा.

सवयीने माझाही हात वर गेला.